तीन निळ्या, एक पिवळी

त्या आठवड्यात मी एका जागी सलग पाच मिनिटं टेकले असेन तर शपथ. बसले की खुर्ची टोचायची, उभी राहिले की गुडघे. ताटावर बसले की वाटायचं दारात कुणीतरी आलंय, आणि दार उघडून पाहिलं की वाटायचं, बरं झालं, कुणी नाही. चोरी करणाऱ्याचं असं होतं म्हणतात. मी चोरी केली नव्हती. मी सफाई केली होती.

आधी माझं सांगते. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात मी दोऱ्याची खोली सांभाळते. एकतीस वर्षं झाली. शाळा तिसरीपर्यंत, तीही धड नाही, कारण धाकटी भावंडं सांभाळायला मला घरी बसवलं. पण रंगातलं मला विचारा. माझ्या खोलीत नुसत्या निळ्याच्या बावीस छटा आहेत आणि दिवे गेले तरी हवं ते रीळ मी हाताने काढून देईन. फिक्याकडून गडदाकडे, रंगाशेजारी रंग, हा माझा कायदा. एकदा एका नव्या मुलीने आकाशी रीळ मोरपिशीत ठेवलं आणि चाळीस पँटी भलत्याच दोऱ्याने शिवल्या गेल्या. ती मुलगी तेव्हापासून बटणं लावते.

तोंडावर सगळे मला मोठ्या बाई म्हणतात. पाठीमागे कुलूपबाई म्हणतात, तेही मला माहीत आहे. कुलूप खोलीला आहे, माझ्या कानांना नाही.

माझा मुलगा त्याच कारखान्यात, कापायच्या तिसऱ्या मशीनवर. आणि दोन वर्षांपूर्वी आली ती सून, शिकलेली, संगणकांच्या तारा जोडणारी. आमच्या दोघींचं भांडण कधी झालं नाही. भांडायला आधी बोलावं लागतं. ती मला "अहो आई" म्हणायची, मी तिला "सूनबाई" म्हणायचे, आणि त्यापुढे मीठ द्या, मीठ घे, एवढंच.

कारखान्यात तिला घेतलं ते तीन महिन्यांच्या बोलीवर. मॅनेजर साहेब इतके ताठ चालतात की अख्खा हॉल त्यांना फूटपट्टी म्हणतो. ते म्हणाले होते, काम दिसलं तर ठेवू.

काम असं होतं. आमच्या दोन इमारती, मध्ये अंगण. पुढच्या इमारतीत पॅटर्नखोली. तिथे संगणकावर बाही, कॉलर, खिसा आखतात. ते आखलेलं तारेतून मागच्या इमारतीत येतं आणि मशीन कापड कापतं. पूर्वी खडूने आखून मोठ्या कात्रीने कापायचे. तेव्हा तार तुटायची भीती नव्हती, बोट तुटायची होती. तर अंगणातून ही तार एकच यायची, आणि एका वर्षात ती तीनदा गेली. एकदा ट्रक मागे घेताना, एकदा गवंड्याच्या पहारीने, आणि एकदा का गेली ते अजून कुणाला कळलेलं नाही. तार गेली की सगळा हॉल हातावर हात ठेवून बसायचा आणि साहेब इकडून तिकडे ताठ फिरायचे.

सूनबाईने सुचवलं, एकीच्या जागी चार तारा टाकू. दोन अंगणाखालून, दोन छपरावरून. आणि दोन्ही टोकांना तारा ज्यात खोचतात त्या डब्यांना सांगून ठेवू की ह्या चार नाहीत, ही एकच जाड तार आहे.

"कागदावर छान आहे," साहेब म्हणाले. ते सगळ्यालाच असं म्हणतात.

घरी जेवताना तिने मलाही समजावलं. "आई, तुमच्याकडे तो जीन्सचा जाड दोरा आहे ना? तो उलगडला तर आत पदर असतात."

"मला दोरा शिकवू नकोस."

"तुम्हाला येतो म्हणून तर दोऱ्यातून सांगतेय. एक पदर तुटला तर शिवण उसवते का? नाही. बाकीचे धरून ठेवतात. तसंच हे."

मला ते आवडलं. मी पाणी प्यायले आणि उठले.

पण मग त्या तारांची मागची टोकं ठेवायला धूळ नसलेली आणि कुलूप असलेली जागा हवी होती. अशी जागा कारखान्यात एकच. माझ्या दोन फळ्या काढल्या, पांढऱ्या दोऱ्याच्या, आणि तिथे लोखंडी कपाट आलं. कपाटात तो भोकाभोकांचा डबा, स्विच म्हणतात त्याला, आणि प्रत्येक भोकावर मिणमिणता हिरवा दिवा. मला विचारलं नाही असं नाही. विचारलं, पण ठरवून झाल्यावर.

आता सोमवारचं. महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी खोली खालीवर करते. सगळी रिळं उतरवून फळ्या पुसते. त्या दिवशी सूनबाई सकाळी कपाटाशी काहीतरी करत होती, तेवढ्यात पुढच्या इमारतीतून हाक आली आणि ती कपाट उघडं टाकून गेली. मी फडकं घेऊन पुढे झाले. धूळ काही कपाट बघून थांबत नाही.

आणि मला ती ओळ दिसली. तीन निळ्या तारा, मग एक पिवळी, मग परत एक निळी.

मी तिथून बाजूला झाले. दुसरी फळी पुसली. परत आले. निळी, निळी, निळी, पिवळी, निळी. डोळ्यात केस गेल्यासारखं झालं मला. एवढं शिकून बाईला रंग लावता येत नाही! प्रत्येक तारेला चिठ्ठी बांधलेली होती, इंग्रजीत. मी चिठ्ठ्या पाहिल्या. पाहणं आणि वाचणं यात जे अंतर आहे ते मी कुणाला सांगत नाही, आणि माझा आवाज ऐकून कुणी विचारतही नाही.

पिवळीच्या टोकाची टोपी दाबली, ती सुटली. शेजारची निळी सुटली. दोन्हींची अदलाबदल केली. टिक. टिक. दोन्ही दिवे क्षणभर विझले आणि पुन्हा हिरवे झाले. चार निळ्या, मग पिवळी. मी दोन पावलं मागे जाऊन पाहिलं आणि समाधानाने कपाटाचं दार लावलं.

मंगळवारी सकाळी माझ्या मुलाचं मशीन थांबलं.

सोमवारभर ते आधी आलेलंच कापत होतं. थांबलं म्हणजे बिघडलं नाही. चालत होतं, पण पॅटर्नखोलीतून त्याला काही पोहोचत नव्हतं. पहिल्या मशीनला पोहोचत होतं, दुसऱ्याला पोहोचत होतं, चौथ्याला पोहोचत होतं. सूनबाई आपला लॅपटॉप घेऊन आली, स्वतःच्या लॅपटॉपवरून तिने एक खिसा धाडला. मशीनने गपकन कापून दिला.

"बघ, येतंय की!" ती माझ्या मुलाला म्हणाली.

"तुझ्याकडून येतंय. मला खिसा नकोय, पॅटर्नताईंकडून बाह्या हव्यात. सहाशे बाह्या."

"मग पॅटर्नताईंच्या संगणकात काहीतरी असेल."

पॅटर्नताई, म्हणजे पॅटर्नखोलीत आखणाऱ्या, तिथेच उभ्या होत्या. "माझ्या संगणकात काही नाही हं. पहिल्या मशीनला मीच धाडलंय सकाळपासून."

"मग मशीनमध्ये."

"मशीनला बोल लावू नकोस," मुलगा म्हणाला. "घरी मला लाव, मी ऐकून घेतो."

हॉल हसला. सूनबाई हसली नाही. ती तिथेच जमिनीवर मांडी घालून बसली आणि लॅपटॉपचा पडदा बघत राहिली. दारापाशी गठ्ठ्यांच्या चिठ्ठ्या छापणारा प्रिंटर आहे, तोही पुढच्या ऑफिसला उत्तर देईनासा झाला होता, पण हॉलमधून सांगितलं की छापत होता. कुणाशी बोलतो, कुणाशी नाही. असलं आजारपण कधी कुणी पाहिलं नव्हतं.

मी दोऱ्याच्या खोलीच्या दारात उभी होते. हातात काळं रीळ होतं. ते मी चार वेळा फळीवर ठेवलं आणि चार वेळा उचललं. मनाला सांगितलं, दिवे तर सगळे हिरवे आहेत. मी काही तोडलं नाही. होतं तितकंच आहे, फक्त नीट आहे.

बुधवारी साहेब हॉलमध्ये आले. शुक्रवारी मोठ्या ऑर्डरवाल्या बाई माल बघायला येणार होत्या, आणि त्यांना चारही मशीनं चालताना दाखवायची होती.

"तुमच्या चार तारा काय म्हणतात?" साहेबांनी सूनबाईला विचारलं.

"चारही चालू आहेत सर. या टोकाला चार, त्या टोकाला चार. मी दहा वेळा पाहिलं."

"मग एक मशीन उपाशी का? एक तार होती तेव्हा तुटायची, पण तुटली तर सगळ्यांची तुटायची. कळायचं तरी. हे काय आहे?"

"मला आणखी थोडा वेळ—"

"शुक्रवार दुपारपर्यंत. नाही जमलं तर तुमच्या चारही तारा काढायच्या, जुनी एक परत लावायची, आणि तीन महिन्यांची बोली तिथेच संपली असं समजायचं." मग त्यांनी दोऱ्याच्या खोलीकडे बोट केलं. "त्या कपाटाला कुणी हात लावला होता का?"

मी दारातच होते. माझ्या कानात शिट्टी वाजली.

आणि माझ्याआधी सूनबाईच बोलली. "नाही सर. ते कपाट आईंच्या खोलीत आहे. किल्ली त्यांच्या कमरेला असते. तिथे कोण जाणार?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्या हॉलने पाहिलं. एकतीस वर्षांची माझी मान, ती आपोआप वर झाली.

"माझ्या खोलीत माशीसुद्धा विचारून शिरते," मी म्हटलं.

लोक हसले. साहेबसुद्धा ओठांच्या एका कोपऱ्यातून हसले. सूनबाईने माझ्याकडे बघून हलकेच मान डोलावली, आभार मानल्यासारखी. मी खोलीत गेले, दार लावलं आणि किल्ल्यांचा जुडगा कमरेचा काढून टेबलावर ठेवला. परत कमरेला लावला. परत काढला. त्या दिवशी तो जुडगा मला मुसळासारखा जड झाला होता.

तिने माझ्यावर संशय घेतला असता तर मी तिला सरळ केली असती. भांडले असते, खरं बोलून मोकळी झाले असते. पण ती म्हणाली, तिथे कोण जाणार. आता याचं काय करायचं माणसाने?

गुरुवारी तिने अंगणाखालच्या तारा तपासल्या, छपरावर चढून वरच्या तपासल्या. पॅटर्नताईंचा संगणक बदलला. माझ्या मुलाच्या मशीनची भिंतीपर्यंतची तार बदलली. कपाट तेवढं उघडलं नाही, तिथे कोण जाणार म्हणून. काहीही केलं तरी पॅटर्नताई आणि तिसरं मशीन, या दोघांचं बोलणं जुळेना. संध्याकाळी घरी आली तर तळहात छपराच्या पत्र्याने सोललेले. ताटावर बसली आणि घास हातात धरून विसरली.

"जेव ना," मुलगा म्हणाला.

"जेवतेय."

"कुठे जेवतेयस? भाताला भोक पाडतेयस नुसतं. हे बघ, नाही ठेवलं तर नाही ठेवलं. दुसरीकडे लागशील."

"दुसरीकडे विचारतील ना, आधीचं काम का सोडलं. काय सांगू? चार तारा बांधल्या, त्या चालत का नाहीत तेच मला कळलं नाही, असं सांगू?" तिचा आवाज फाटला. "बिघडलेलं चालेल मला. का बिघडलं ते कळत नाही, ते नाही सहन होत."

मी उठले. ओट्यावरचा डबा उघडला, झाकला, परत उघडला.

"आई, काही हवंय का तुम्हाला?" ती म्हणाली.

"मला काय हवंय! तू खा." आणि उगीच वर जोडलं, "छपरावर कशाला चढायचं बाईमाणसाने? पडली असतीस म्हणजे?"

तिने घास ताटात ठेवला. मला म्हणायचं होतं एक, तोंडातून निघालं दुसरं. माझ्या तोंडाला ती सवयच आहे.

शुक्रवारी मी ठरवून गेले. कुणाला कळायच्या आत दोन तारा होत्या तशा लावून टाकायच्या, मशीन सुरू होईल, सूनबाई राहील, मी राहीन, माझा शब्द राहील. सगळ्यांचं सगळं राहील. पण सकाळपासून खोलीत कुणी ना कुणी. आज ऑर्डरवाली येणार म्हणून प्रत्येकाला दोरा हवा. पांढरा द्या, तपकिरी द्या, हा नको तो द्या. आणि ऑर्डरवाल्या बाई वेळेआधीच आल्या. हॉलशेजारच्या पाहुण्यांच्या खोलीत त्यांना बसवलं. काचेतून दिसत होत्या, फोन हातात घेऊन कधी खिडकीशी, कधी दाराशी जात होत्या.

"तुमच्याकडे इंटरनेट येत नाही का?" त्यांनी साहेबांना विचारलेलं मी ऐकलं.

"येतं की!" साहेब म्हणाले आणि त्यांनी सूनबाईकडे असं पाहिलं की मी तिच्या जागी असते तर चपला घालून निघाले असते.

मी तशीच वळले, खोलीत शिरले, कपाट उघडलं. आधी पिवळी दाबली. ती सुटून माझ्या हातात आली.

आणि हॉलमधून माझ्या मुलाची आरोळी आली. "आलं! आलं! बाह्या आल्या!"

मी पिवळीचं टोक धरून तशीच उभी. अजून निळी काढायची होती, बदलायचं होतं, काहीच झालं नव्हतं. मी नुसती एक तार उपटली होती आणि तीन दिवसांचं मुकं मशीन घडाघडा कापायला लागलं होतं. चार होत्या तेव्हा बंद, तीन उरल्या तर चालू. हे कुठल्या दोऱ्यात बसतं?

दार अर्धं उघडं होतं. हॉलमध्ये टाळ्या वाजत होत्या. साहेबांचा आवाज आला, "छान. काय केलंत तुम्ही?"

मी वाट पाहिली. मनात म्हटलं, सांग काहीतरी. सांग, अमुक बटण दाबलं. कोणाला कळणार आहे?

"मी काही केलं नाही सर," सूनबाई म्हणाली.

"म्हणजे?"

"आता मला चारच्या जागी तीन दिसताहेत. एक तार आत्ताच पडलीय. ती पडली आणि हे सुरू झालं." तिचा आवाज खाली खाली जात होता. "का, ते मला माहीत नाही."

"तार पडल्यावर सुरू झालं!" साहेब म्हणाले. "मग सगळ्याच पाडा ना. उत्तम चालेल." कुणीतरी खिदळलं. "हे बघा, तुम्ही प्रामाणिक आहात, पण ज्याचं त्याला माहीत नाही ते मी कारखान्यात ठेवू शकत नाही. आजच्या आज जुनी तार जोडून द्या. पुढचं तुम्हाला सांगितलंच आहे."

माझ्या समोर ते रिकामं भोक होतं. त्यात पिवळी परत घालून, निळी बदलून, दार लावून मी बाहेर येऊ शकत होते. दोन टिक. कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण ती गेली असती, आणि जन्मभर तिला कळलं नसतं की तिचं चुकलं कुठे. बिघडलेलं चालेल म्हणाली होती. न कळलेलं नाही.

तार भिंतीतून येत होती, लांब होती. मी टोक हातात धरून जेवढी येते तेवढी ओढत दारापर्यंत आले. हॉलच्या उंबऱ्यापाशी ती ताणली गेली, पुढे येईना. मी तिथेच उभी राहिले.

"पडली नाही ती," मी म्हटलं. "मी काढली."

हॉलमध्ये चाळीस माणसं. मशीन सोडून सगळं थांबलं.

"आई?" माझा मुलगा म्हणाला.

"तू गप. साहेब, तार मी आत्ता काढली. आणि सोमवारी ही आणि शेजारची अशा दोन बदलल्या, त्याही मीच. सफाई करताना. रंग नीट दिसत नव्हते म्हणून." आणि मग घशात आलंच होतं तर तेही बोलले, "चिठ्ठ्या होत्या त्यांना. मला वाचता येत नाहीत."

साहेबांनी तोंड उघडलं. मी त्यांना बोलू दिलं नाही. "बुधवारी माशीचं म्हटलं ते खोटं होतं. हिला काही माहीत नव्हतं. हिने माझ्यावर विश्वास ठेवला, तेवढीच हिची चूक. आता काढायचं असेल तर कुणाला काढायचं ते बघा."

सूनबाई माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या हातातल्या पिवळ्या टोकाकडे बघत होती. मग एकदम धावली, माझ्या बाजूने खोलीत शिरली. मी मागोमाग. तिने कपाटात डोकं घातलं, एक निळी ओढली, तिची चिठ्ठी वाचली, आणि खाली बसलीच.

"पाहुण्यांची," ती म्हणाली. "ही पाहुण्यांच्या खोलीतली आहे. म्हणून त्या बाईंना नेट नव्हतं." मग माझ्याकडे वर बघून, "आई, तुम्ही रंग बघून लावल्या?"

"मग कशावर लावायच्या?"

तिला हसू आलं की रडू, ते मला अजून सांगता यायचं नाही. साहेब दारात आले होते, त्यांच्यामागे ऑर्डरवाल्या बाई. आता सूनबाई उठली, आणि पहिल्यांदा मी तिला साहेबांसमोर तिच्या कामाचं सलग बोलताना ऐकलं. अडखळली नाही.

"सर, चार तारांची एक तार केली तरी प्रत्येक बोलणं चारांतल्या एकीवरूनच जातं. कोण कुणाशी बोलतंय त्यावरून ती ठरते, आणि मग तीच राहते. पॅटर्नताई आणि तिसरं मशीन यांच्या वाट्याला ही पिवळी आलेली. मला निळी केबल कमी पडली म्हणून चौथी पिवळी घातली होती. ती इथे पाहुण्यांच्या भोकात गेली. दिवा हिरवाच, कारण तार जिवंत आहे. पलीकडचा डबा समजतोय चार पोहोचताहेत, आणि चौथीवरचं सगळं पाहुण्यांच्या खोलीकडे जाऊन हरवतंय. ती काढली तेव्हा त्याला कळलं की ही गेली, मग त्याने ते बोलणं उरलेल्या तीनवर टाकलं. म्हणून बाह्या आल्या." तिने दारापाशीच्या प्रिंटरकडे बोट केलं. "त्याचं उलट. त्याचं उत्तर या टोकाच्या चुकीच्या निळीवर जात होतं."

"म्हणजे तुमची चूक नाही," साहेब म्हणाले.

"अर्धी आहे." हे तिने न विचारता सांगितलं. मला तेव्हा तिचा राग आला आणि अभिमानही वाटला, दोन्ही एका दमात. "दोन्ही डब्यांना एकमेकांची विचारपूस करायला लावता येतं. तू कोण, कुठल्या जुडीतली, असं दर थोड्या वेळाने विचारत राहायचं. पहिल्या दिवशी मी तसंच लावलं होतं, पण दोन्ही टोकं 'तू आधी बोल' म्हणून गप्प बसली आणि तार जुळेना. तुम्ही समोर उभे होता. मग मी विचारणंच बंद केलं. जे भोकात येईल ते आपलं समजा, असं सांगून टाकलं. नंतर बदलेन म्हटलं, राहून गेलं."

दोन्ही टोकं तू आधी बोल म्हणून गप्प. हे ती माझ्याकडे बघून बोलली नव्हती. तरी मला बरोबर जिथे लागायचं तिथे लागलं.

साहेब कपाटातले दिवे मोजू लागले. मग ऑर्डरवाल्या बाईच म्हणाल्या, "आता माझं इंटरनेट येईल का?" आणि सगळे एकदम हलले.

सूनबाईला ठेवलं. तिला आधीच्या बोलीऐवजी कायमच्या नोकरीची चिठ्ठी दिली, पुढच्या आठवड्यात. मलाही ठेवलं, पण साहेब म्हणाले, कपाटाची किल्ली आता सूनबाईकडे राहील. मी जुडग्यातून ती किल्ली त्यांच्यासमोर सोडवली. कडी घट्ट होती, नख तुटलं. मदत करायला मुलगा पुढे आला, त्याला मी डोळ्यानेच मागे सारला.

घरी ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. नेहमीसारखं न बोलणं नाही, खरं न बोलणं. मीठसुद्धा उठून स्वतः घेतलं. मी तिला म्हणायचं ते मनात दहा वेळा जुळवलं आणि दहा वेळा उसवलं. तिसऱ्या दिवशी ताटं वाढून झाली, ती बसली, मी बसले, आणि मी म्हटलं, "चुकलं माझं."

मुलाने घास तसाच धरला. आमच्या घरात हे वाक्य यापूर्वी कुणी माझ्या तोंडून ऐकलेलं नव्हतं.

"कळलं ते," सूनबाई म्हणाली. मग भात कालवत, "ती आकाशी रीळवाली मुलगी अजून बटणंच लावतेय ना?"

"तिचा इथे काय संबंध?"

"काही नाही. सहज विचारलं."

त्या मुलीला मी सोमवारी परत दोऱ्यावर घेतलं. सूनबाईने सांगितलं म्हणून नव्हे. मला मदत लागते.

त्याच सोमवारी सूनबाई निळ्या केबलचं नवं गुंडाळं घेऊन माझ्या खोलीत आली. पिवळी गेली, चौथीही निळी झाली. पाहुण्यांच्या खोलीला लाल लावली. मग तिने दोन्ही डब्यांना विचारपूस करायला लावलं, आणि या वेळी दोन्ही टोकांना सांगितलं की तूही बोल आणि तूही बोल, वाट बघू नकोस. दिवे विझले, लुकलुकले, आणि चारही हिरवे झाले. हॉलमध्ये चारही मशीनं कापत होती.

"आता एक काढा," ती मला म्हणाली.

"मी?"

"हो. कुठलीही. मला बघायचंय थांबतं का."

मी हात पुढे केला, मागे घेतला. परत पुढे केला आणि दुसरी निळी दाबली. टिक. कान हॉलकडे. एक, दोन, तीन, चार, चारही मशीनांचे आवाज मी मोजले. कुणी आरोळी मारली नाही.

"लावा परत."

मी लावली. आणि मग मला राहवेना. लालही काढली, शेजारची निळीही काढली, आणि तिच्याकडे न बघता दोन्हींची अदलाबदल केली, मागच्या सोमवारसारखीच.

निळीच्या जागी घुसलेल्या लालचा दिवा हिरवा झाला नाही. नारिंगी झाला. थांबला. नारिंगीच राहिला.

"काय झालं?" मी विचारलं.

"त्याने विचारलं तू कोण, उत्तर आलं नाही, म्हणून आत घेतलं नाही. पलीकडेही तसंच, चौथीला वेगळं काढलं." तिने हाताची घडी घातली. "तुम्हाला नाही म्हणाला तो."

एकतीस वर्षं. माझ्या खोलीत, माझ्या तोंडावर.

"म्हणू दे," मी म्हटलं, आणि तारा जागच्या जागी लावल्या. मग तिच्यापुढे एक चिठ्ठी धरली, ती लालवरची. "हे पहिलं अक्षर कुठलं, तेवढं सांग. आणि हळू बोल. दार उघडं आहे."